उभ्या गाडीत बॅटरी कोण खातंय?

"मिस्त्री, गाडी चार दिवस उभी होती आणि आज सेल्फच घेईना." दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या गाळ्यावर हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. बऱ्याच जणांनी माझ्याकडं यायच्या आधी नवी बॅटरी टाकलेली असते आणि तीही उतरलेली असते. चार-पाच हजार गेले, दुखणं जाग्यावर. गाडी बंद असताना किती करंट जातोय हे मोजल्याशिवाय बॅटरीवर एक रुपया खर्च करू नका, एवढंच माझं सांगणं आहे. मोजायला साधा डिजिटल मीटर, दहा नंबरचा पाना आणि रविवारची निवांत सकाळ पुरते.

पहिली तपासणी फुकटातली. संध्याकाळी गाडी चालवून आणल्यावर तास-दोन तास जाऊ द्या. मग हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा, म्हणजे चार्जिंगचा वरवरचा फुगवटा उतरतो. आता बॅटरीवर व्होल्ट बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे संपतच आली. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून रात्रभर बाजूला ठेवा. सकाळी आकडा जवळपास तोच असेल तर बॅटरी धड आहे, बहुधा गाडी करंट खातेय. टर्मिनल सुटं असूनही आकडा दोन-तीन दशांशानं घसरला असेल तर बॅटरीच आतून गेली, पुढचं वाचायची गरज नाही. टर्मिनल सोडवताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी अशी उडते की पान्याला खड्डा पडतो. बॅटरी सोडवल्यावर म्युझिक सिस्टीम कोड मागत असेल तर तो हाताशी ठेवा.

लगेच दोन आकडे अजून बघून घ्या. सेल्फ मारताना व्होल्ट ९.६ च्या खाली जात असतील तर बॅटरी अशक्त. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले तर चार्जिंग ठीक. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर, कॉम्प्युटरचा ताबा असतो, तिथं हा आकडा खाली-वर होतो. त्याला घाबरू नका.

काही गाड्यांत लीकेज, म्हणजे उभ्या गाडीतली करंटची गळती, काहीच नसतं, तरी बॅटरी उतरते. राजारामपुरीतून महाद्वार रोडला जायचं, तिथं पार्किंग शोधत एसी लावून फिरायचं, तीन किलोमीटर परत यायचं आणि गाडी दारात लावायची. सेल्फनं घेतलेला करंट एवढ्याशा चालण्यात भरून निघत नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा पन्हाळ्यापर्यंत न्या. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, बॅटरीलाही बरं आणि घरच्यांनाही.

पावसाळ्यात एक चोर बॅटरीच्या डोक्यावरच बसलेला असतो. ॲसिडची वाफ, धूळ आणि ओल मिळून बॅटरीच्या वरच्या प्लास्टिकवर चिकट थर जमतो आणि त्यातून दोन टर्मिनलांमध्ये करंट झिरपतो. मीटर व्होल्टवर ठेवा, काळी वायर निगेटिव्हला लावा आणि लाल टोक नुसतं प्लास्टिकवरून फिरवा. मीटरवर एखादा व्होल्ट जरी दिसला तरी थर करंट वाहतोय. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशनं घासा, मात्र ते पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडं करा. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, त्यामुळं हे काम पावसाळ्यात दोनदा तरी करावं.

आता खऱ्या मोजणीकडं. आधी हिशोब डोक्यात हवा. गाडी बंद असली तरी घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर आणि कॉम्प्युटरची मेमरी यांना थोडा करंट लागतोच. २० ते ५० मिलीॲम्प असला तर गाडी निरोगी समजा. ५० मिलीॲम्प म्हणजे दिवसाला १.२ एएच (ॲम्पिअर-अवर, बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप). छोट्या गाडीची ३५ एएचची बॅटरी त्या हिशोबानं दोन आठवड्यांत अर्ध्यावर येते. म्हणजे लीकेज नसलेली गाडीसुद्धा महिनाभर न हलवता ठेवली तर सकाळी कुरकुरणार. त्याउलट डिकीतला ५ वॅटचा एक दिवा चालू राहिला तर ४०० मिलीॲम्पच्या वर जातात, दिवसाला १० एएच. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी उठत नाही.

मोजणी चुकते ती बहुतेक वेळा घाईनं. चावी काढली म्हणजे गाडी बंद झाली, असं आताच्या गाड्यांत नसतं. कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. कुठं दहा मिनिटं लागतात, कुठं अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून जास्त. तोवर मीटर दोन-तीन ॲम्पसुद्धा दाखवतो आणि माणूस उगाच वायरिंग उकरायला लागतो.

म्हणून तयारी अशी करा. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली घ्या, फ्यूज बॉक्सचं झाकण आधीच काढून ठेवा, बॉनेट उघडं ठेवा. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असेल तर दार उघडं लागणार. मग दाराच्या लॅचमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून ती बंद स्थितीत ढकला, गाडीला वाटतं दार लागलं. काम झाल्यावर दार लावायच्या आधी हँडल ओढून लॅच मोकळी करा, नाहीतर दार आपटून ती वाकते. बॉनेटला स्विच असेल तर तोही दाबून चिकटपट्टी लावा. रिमोटनं गाडी लॉक करा आणि चावी घरात नेऊन ठेवा. बटण स्टार्ट गाडीची चावी खिशात घेऊन तुम्ही जवळ उभे राहिलात तर गाडी झोपतच नाही.

मीटरची लाल वायर १० ॲम्पच्या भोकात घाला, मिलीॲम्पच्या नको, तिथला फ्यूज पहिल्याच झटक्यात उडेल. निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरं सुट्या केबलला. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जाईल. टर्मिनल सुटण्याआधीच मीटरला समांतर, म्हणजे निगेटिव्ह खांबापासून केबलपर्यंत, एक जाड वायर क्लिपनं जोडून ठेवली तर सप्लाय तुटत नाही आणि गाडी पुन्हा जागी होत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं ती वायर अलगद काढा आणि आकडा वाचा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फचं तर नावच काढायचं नाही. सेल्फ शंभर-दोनशे ॲम्प ओढतो, मीटर जळतो. आणि लाल वायर ॲम्पच्या भोकात असताना दोन्ही टोकं बॅटरीच्या दोन टर्मिनलांना कधीही लावू नका, तो सरळ शॉर्ट आहे.

क्लॅम्प मीटर, म्हणजे केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, असेल तर केबल सोडवायचीही गरज नाही. घेताना त्यावर डीसी ॲम्प आहे ना ते बघा. बाजारातले स्वस्त क्लॅम्प बहुतेक फक्त घरच्या एसी लाइनचे असतात.

समजा आकडा ३०० मिलीॲम्प आला. आता सगळेजण करतात ते म्हणजे एकेक फ्यूज उपटायचा. मला ती रीत आवडत नाही. फ्यूज काढून परत बसवला की त्यावरचा कॉम्प्युटर जागा होतो, आकडा उसळतो आणि पुन्हा अर्धा तास थांबा. त्यापेक्षा फ्यूज जाग्यावरच ठेवा. पात्याच्या फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके असतात. मीटर २०० मिलीव्होल्टवर लावून दोन टोकं त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. शून्य असेल तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही. काही दिसलं तर जातोय. १० ॲम्पच्या फ्यूजवर ०.१ मिलीव्होल्ट म्हणजे ढोबळमानानं १२ ते १५ मिलीॲम्प. फ्यूज मोठा तसा त्याचा रेझिस्टन्स कमी, म्हणून तेवढ्याच मिलीव्होल्टला करंट जास्त धरायचा. ही तपासणी करताना मुख्य मीटरही मधे लागत नाही, निगेटिव्ह जोडलेलाच ठेवा.

कसबा बावड्याच्या एका शिक्षकांची हॅचबॅक याच रीतीनं सापडली. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. गाडी झोपल्यावर ३१० मिलीॲम्प. सगळे फ्यूज शून्य किंवा दशांशात, फक्त ऑडिओच्या १५ ॲम्पच्या फ्यूजवर १.४ मिलीव्होल्ट. तो एकच फ्यूज काढला आणि आकडा २२ वर आला. म्युझिक सिस्टीम बाहेरच्या दुकानात बसवलेली. सिस्टीम पुढं ओढून बघतो तर पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून काळी पट्टी गुंडाळलेली. पिवळी वायर मेमरीसाठी, तिला कायम करंट हवा. लाल वायर चावीवर चालली पाहिजे. दोन्ही कायम करंटवर दिल्या की पडदा काळा दिसतो, पण सिस्टीम आतून रात्रंदिवस जागी. बसवणाऱ्याची दहा मिनिटं वाचली. लाल वायर वेगळी करून चावीच्या लाइनवर दिली, काम संपलं.

म्हणून फ्यूज सापडला की त्या लाइनवर कंपनीनं दिलेलं काय आहे हे नंतर बघा, तुम्ही मागून काय बसवलं ते आधी आठवा. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, सीटखालची एलईडी पट्टी, बाहेरून बसवलेला सेंट्रल लॉक. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक स्कॅनर जोडतो त्या भोकात, खोचलेला ब्लूटूथचा ठोकळाही बघा, त्या सॉकेटला कायम करंट असतो. फास्टॅगवर मात्र संशय घेऊ नका. त्याला ना बॅटरी, ना वायर.

डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा विझतो का, याला सोपा उपाय म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवायचा आणि झाकण लावायचं. रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा ठोकळा, चिकटला असेल तर गाडी तासभर बंद असूनही तो हाताला कोमट लागतो. शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघा.

सगळे फ्यूज शून्य आणि तरी मुख्य मीटरवर करंट, असं झालं तर जाड वायरी राहिल्या: सेल्फ आणि अल्टरनेटर. अल्टरनेटरचा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, लीक असेल तर बॅटरी उलटी त्यातच उतरते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला पहाटे हात लावा. इंजिन गार आणि हा किंचित ऊबदार असेल तर डायोड गेला. खात्री करायची तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा, अल्टरनेटरची जाड वायर काढून तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा.

कोल्हापुरात अजून एक जात आहे, पुरातल्या गाड्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीतल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. इंजिनं दुरुस्त झाली, सीटं धुतली गेली, पण गालिच्याखालचे कनेक्टर कुणी उघडले नाहीत. अशा गाडीचं लीकेज उन्हाळ्यात कमी आणि पावसात जास्त दिसतं. नागाळा पार्कातल्या एका सेदानच्या ड्रायव्हर सीटखालचा कनेक्टर सोडवला तर आत हिरवी पूड भरलेली, दोन पिना त्या पुडीनंच एकमेकींना जोडलेल्या आणि एक पीन झिजून सुईसारखी. नुसता स्प्रे मारून हे बरं होत नाही. काँटॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रशनं पूड काढायची, झिजलेली पीन बदलायची आणि कनेक्टर पूर्ण वाळल्यावरच जोडायचा. जुनी गाडी घेताना गालिचा उचलून सीटचे बोल्ट आणि हे कनेक्टर बघायला मालकाची परवानगी मागा. नाही म्हणाला तर पुढची गाडी बघा.

लीकेज कधी असतं, कधी नसतं, असाही प्रकार होतो. त्याला क्लॅम्प मीटरचं कमाल-किमान बटण कामाला येतं. संध्याकाळी लावून ठेवा, सकाळी रात्रीतला सर्वांत मोठा आकडा वाचा. तो मोठा निघाला तर पुढच्या रात्री संशयित फ्यूज काढून ठेवा आणि मीटर परत लावा.

दोष काढल्यावर गाडी पुन्हा झोपवून आकडा ५० च्या आत आलाय ना ते बघा. मग बॅटरी चार्जरवर घ्या. पार उतरलेली बॅटरी गावातल्या फेऱ्यांनी भरत नाही. बॅटरीच्या एएचचा दहावा भाग इतका करंट धरायचा, म्हणजे ३५ एएचला साडेतीन ॲम्प, दहा-बारा तास, मोकळ्या हवेत. चार्जिंगमध्ये निघणारा गॅस पेट घेतो, त्यामुळं जवळ विडी-सिगारेट नको आणि क्लिपा काढायच्या आधी चार्जरचा स्विच बंद.