उन्हाळी कपडे घेताय, शिवताय? या चुका टाळा

गुढीपाडवा झाला की नागपुरातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात कापडाच्या पिशव्या यायला लागतात, आणि पिशवीसोबत मोबाइलवरचा फोटो. अजरखचा (म्हणजे कच्छकडच्या हातछापाईच्या कापडाचा) कॉर्ड सेट, म्हणजे एकाच कापडाचा वर-खालचा जोड, पिस्ता रंगाचा लिननचा कुर्ता, पुरुषांचा उघड्या कॉलरचा ढगळ शर्ट, मोठ्या मोहरीची, म्हणजे पायाशी रुंद असलेली पँट. फॅशन ढगळ झाली हे आपल्या उन्हाळ्यासाठी फार चांगलं झालं, असंच माझं मत आहे. पण फोटोत रंग आणि घेर दिसतो. कापड कशाचं, अस्तर कुठलं, काखेत जागा किती, हे दिसत नाही. पारा ४५ च्या घरात गेला की अंगाला नेमक्या याच गोष्टी जाणवतात. दरवर्षी त्याच त्या चुका बघून जीव वैतागतो, म्हणून लिहायला घेतलं.

कोरं कापड न भिजवता शिवायला टाकणं

सगळ्यात जास्त कपडे या चुकीने वाया जातात. सुती कापड विणताना आणि नंतर कारखान्यात ताणलेलं असतं. पाण्यात पडलं की तो ताण सुटतो आणि कापड आटतं. साधं सुती कापड लांबीत ३ ते ५ टक्के सहज आटतं. ४४ इंची कुर्त्यात ५ टक्के म्हणजे दोन इंचांहून जास्त. पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, त्यापेक्षा कमी आटतं, पण मुंढ्यात (काखेभोवतीच्या कापात) अर्धा इंच गेला तरी हात वर करताना शिवण ओढली जाते.

मागे एका घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. थोरल्या बहिणीने कच्छहून निळं अजरख आणलेलं. बहिणींचे कुर्ते आणि भावांचे शर्ट सगळे त्याच कापडातले. कार्यक्रम आठवड्यावर आलेला. मी म्हटलं, आज रात्री भिजवा, उद्या वाळवून आणा, परवा कापते. तर उत्तर आलं, "ताई, नवीन कापड आहे, धुतलं तर चमक जाईल. टाका ना तुम्ही शिवायला, काही होत नाही." शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेलं कापड, जास्तीचा ठेवला आणि शिवून दिले. साक्षगंधात सगळे देखणे दिसले. पण दुपारच्या घामाने भावांच्या पांढऱ्या बनियनवर निळे पट्टे उमटले. घरी गेल्यावर सगळे कपडे एकत्र मशिनमध्ये गेले, सोबत एक पांढरी सलवारही. ती आकाशी होऊन निघाली. कुर्ते वर चढले, शर्टांच्या पोटावरची बटणं ताणली जाऊ लागली. पिशवी परत माझ्याकडे आली. दाब उसवून रुंदी काढून दिली. लांबी कुठून आणणार? एका रात्रीचा धीर धरला असता तर एवढं सुंदर हातछापाईचं कापड वर्षानुवर्षं वापरता आलं असतं. मला आजही त्या कापडाचं वाईट वाटतं.

अजरखमध्ये निळीचा रंग असतो. नीळ धाग्याच्या बाहेरच्या थरात बसते, म्हणून सुरुवातीला घासली की निघते. तो त्या कापडाचा दोष नव्हे. पहिले काही धुणे वेगळे, साध्या पाण्यात काढायचे, एवढंच.

माझी सवय सांगते. कापड घरी आलं की रात्री बादलीभर साध्या पाण्यात बुडवून ठेवते. सकाळी न पिळता सावलीत निथळत टाकते, किंचित ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री मारते. अस्तराचं कापडही तसंच, वेगळ्या बादलीत. अस्तर न भिजवता लावलं तर धुतल्यावर ते आत आटतं आणि वरचा कुर्ता खाली फुगून लोंबतो. शर्टिंगच्या काठावर 'सॅनफोराइज्ड' (कारखान्यातच आटवून घेतलेलं) छापलेलं असलं तर आटणं नावापुरतं असतं, तरी मी भिजवतेच.

मीठ-तुरटीच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, हे मी मानत नाही. तुरटीचं काम रंग चढण्याआधीचं. अजरखचे कारागीरही ती लाल रंग धरावा म्हणून छापाईतच वापरतात. विकत घेतलेल्या कापडाला नंतर तुरटी दाखवून काही साधत नाही.

वर कॉटन, आत पॉलिस्टर

"ताई, कॉटनचाच घेतला, तरी गरम का होतं?" हा प्रश्न मेमध्ये रोज येतो. मी कुर्ता उलटा करते. आत गुळगुळीत, चमकदार क्रेपचं अस्तर. आणि अंगाला तेच लागतं! कापूस हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के धरतो, लिनन १२ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घाम आत अडकतो, अस्तर पाठीला चिकटतं आणि वरचं महागाचं कापड कोरडंच राहतं. तयार कपड्याच्या आतल्या पट्टीवर अस्तराची ओळ बऱ्याचदा वेगळी छापलेली असते. ती दुकानात उभं राहून वाचा.

मी उन्हाळ्यात मलमल नाहीतर केंब्रिक या पातळ सुती कापडाचंच अस्तर लावते, तेही कमरेच्या थोडं खालपर्यंत. बाहीला लावतच नाही. फारच पातळ कापड असेल तर आत सुती शमीज घाला आणि कुर्ता बिनअस्तराचा ठेवा. शमीज रोज बदलता येते, अस्तर येत नाही. पांढऱ्या कुर्त्याला पांढरं अस्तर आग्रहाने मागतात, पण ते आतून उठून दिसतं. अंगाच्या रंगाच्या जवळचं अस्तर कमी दिसतं.

ब्लाउजला तोच न्याय. टू बाय टू रुबिया सुती असतं, टेरी रुबियात पॉलिस्टर मिसळलेलं असतं. मॅचिंग सेंटरमध्ये दोन्ही एकाच कप्प्यात ठेवलेली दिसतात, म्हणून नाव घेऊन मागा.

पुरुष मंडळी यात मागे नाहीत. मेच्या भर दुपारी लॉनवर लग्न, आणि नवरदेव जाड ब्रोकेडच्या, संपूर्ण सॅटिनचं अस्तर लावलेल्या जोधपुरीत. मंगलाष्टकं संपेपर्यंत पोरगा घामाने निथळतो. रेशीम-सुती मिश्र कापड घ्या, आणि शिंप्याला सांगा की अस्तर फक्त खांद्याला आणि पुढच्या भागाला लाव, पाठ मोकळी सोड. फोटोत पाठीचं अस्तर कुणालाही दिसत नाही.

नावाचं लिनन

स्वस्तात मिळणारं, एकही सुरकुती न पडणारं 'लिनन' बहुतेक वेळा लिनन नसतं. खरं लिनन जवसाच्या झाडाच्या देठातल्या धाग्याचं. आपल्या विदर्भातलं जवस त्याच कुळातलं, पण ते तेलासाठी घेतात. या धाग्याला लवचीकपणा कमी, म्हणून चुरगळणं त्याच्या स्वभावातच आहे. ज्यांना चुरगळलेलं खपत नाही त्यांनी सरळ सुती घ्यावं.

शंका असली तर आतल्या शिवणीतून दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि जाळा. सुती आणि लिनन कागदासारखं जळतं, वास जळक्या कागदाचा, राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. रेयॉन मात्र या परीक्षेत सुतासारखंच जळतं. ते ओळखायला धागा ओला करून ओढा: रेयॉन ओलं झालं की चटकन तुटतं, सूत उलट चिवट होतं. म्हणूनच रेयॉनचे कुर्ते कचकचून पिळू नका. रेयॉन उन्हाळ्याला वाईट नाही, घाम चांगला शोषतं. आटतं मात्र सुतासारखंच, तेव्हा शिवायचं असेल तर तेही भिजवा.

कॉलेजातल्या पोरांचे ते खरखरीत 'पॉपकॉर्न' शर्ट दिसायला झकास आहेत, पण बहुतेक पॉलिस्टरचे. संध्याकाळी घाला, दुपारी नको.

मुंबईची फॅशन नागपुरात, नागपूरची मुंबईत

मुंबईत हवा दमट असते, घाम वाळतच नाही. तिथे बिनबाह्यांचं, ढगळ, वारा खेळता ठेवणारं बरं पडतं. आमच्याकडे मेच्या दुपारी हवाच अंगापेक्षा गरम. कातडी उघडी ठेवली तर उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत येते. विदर्भात बाया-माणसं पांढरा सुती दुपट्टा डोक्या-तोंडाला गुंडाळून फिरतात ते उगाच नाही. मी इथल्या पोरींना पूर्ण बाहीचा, मनगटाशी मोकळा, सुती कुर्ता सुचवते, तर त्या नाक मुरडतात आणि स्लीव्हलेसच शिवून नेतात. मग स्कूटरवर घालायला वर नायलॉनचे हातमोजे! पातळ पांढऱ्या मलमलीतून ऊन आरपार येतं, हेही लक्षात ठेवा. दुपारी बाहेर राहायचं असेल तर जरा घट्ट विणीचं सुती घ्या.

उरलेल्या

मुंढा तंग शिवून घेणं. 'फिटिंग' हवं असेल तर कमरेत घ्या, काखेत दोन बोटं जागा सोडा. काखेत अडकलेला कपडा तिथेच आधी विरतो.

गडद रंग कडक उन्हात वाळत घालणं. उलटा करा, सावलीत टाका. वाऱ्याने तासाभरात वाळतो.

बनियन घातलं नाही तर शर्ट गार राहील असं समजणं. पातळ सुती बनियन घाम टिपतं आणि चांगला शर्ट काखेत पिवळा पडत नाही.

मोज्यांशिवाय बंद बूट. नको. एक तर पातळ सुती मोजे, नाहीतर कोल्हापुरी.

हौसेने खळ घालून कडक केलेले कुर्ते आणि साड्या तशाच कपाटात ठेवणं ही शेवटची. खळ कसरीला आवडते, आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. मृग लागायच्या आत सगळे एकदा साध्या पाण्यातून काढा, खडखडीत वाळवा आणि बिनखळीचेच घडी करा. खळ पुढच्या चैत्रात घाला.