विज्ञानाच्या अभ्यासात कुतूहल आणि उजळणी यांची सांगड कशी घालावी

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे सांगलीतल्या मुलांनी घरी पाहिलेलेच असते. म्हणून आम्ल-आम्लारीचा धडा व्याख्येऐवजी हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदापासून सुरू करावा. कागदावर चुन्याची निवळी टाकण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा, कारण अंदाज चुकला की ‘असे का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याचा स्वतःचा होतो. मग लाल डागावर लिंबू पिळावे आणि तो पुन्हा पिवळा का झाला, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

मात्र नुसते कुतूहल परीक्षेपर्यंत टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले, पण आठवड्यानंतर मजकूर न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. त्यामुळे धडा संपल्यावर पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहावे, पुस्तकाशी ताडून पाहावे आणि दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने हेच करावे. मुले सुरुवातीला कुरकुरतात (रेघा मारत वाचणे सोपे वाटते), तरीही या लेखनाला गुण देऊ नयेत. गुण आले की शेजारच्या वहीत डोकावणे आलेच.