सोलापुरात नव्या नाटकांचा कायम संच कसा उभारावा

सोलापुरात नाटक करणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे केंद्र येथे असते, महाविद्यालयांत एकांकिका बसतात आणि स्पर्धा जवळ आल्या की तालमींना जोर चढतो. परंतु निकाल लागला की संच पांगतो आणि महिनोन्महिने खपून उभे केलेले नाटक एक-दोन प्रयोगांत संपते. प्रायोगिक नाटकाचे खरे नुकसान येथेच होते, कारण नव्या वाटेचे नाटक पहिल्या प्रयोगात पुरते हाती लागत नाही. प्रेक्षकांसमोर ते पुनःपुन्हा केल्यावरच त्याचा सूर सापडतो. म्हणून ज्यांना नवी नाटके करायची आहेत त्यांनी आधी माणसे बांधावीत, मग संहितेकडे वळावे आणि प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावावी, ती म्हणजे यामुळे पुढचा प्रयोग सोपा होतो की अवघड.

याचे एक उदाहरण आपल्या शहराशी नाते सांगणारे आहे. ज्यांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले त्या डॉ. जब्बार पटेल यांनी 1972 साली बसवलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग मूळ संस्थेने थांबवले, तेव्हा त्या संचातील मंडळींनी बाहेर पडून 1973 मध्ये पुण्यात थिएटर अकादमी स्थापन केली. नाटक चालू राहावे म्हणून तेथे संस्था जन्माला आली. त्या नाटकात नटांची रांगच भिंत होते आणि पडदाही होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सुरुवातीला आठ ते बारा माणसे पुरेत. अभिनय चांगला की बेताचा, यापेक्षा वर्षभर आठवड्यातून दोन संध्याकाळी ठरल्या वेळी येण्याची तयारी आहे का, हे पाहावे. नाटक हाती नसतानाही या बैठका मोडू नयेत. त्या दिवशी वाचन, आवाजाचे व्यायाम किंवा उत्स्फूर्त प्रवेश करावेत. प्रत्येक नटाला प्रकाशयोजनेचे किंवा ध्वनीचे एक काम शिकवावे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या हॉलमध्ये उभ्या तालमी घेण्यापेक्षा गच्चीवर रात्रीचे वाचन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सोलापूरचे सर्वात मोठे धन येथील भाषा आहेत आणि त्यांचा रंगमंचावर फारच थोडा उपयोग होतो, याची मला मनापासून खंत वाटते. एकाच माणसाच्या तोंडी घरी तेलुगू, बाजारात कन्नड, गल्लीत दखनी उर्दू आणि कचेरीत मराठी असू शकते. अशा शहरातले नवे नाटक लेखकाने एकट्याने टेबलावर बसून प्रमाण मराठीत लिहून काढले तर ते कोठलेही वाटेल. त्याऐवजी विषय ठरवून संचाने त्या विषयातल्या माणसांशी बोलावे, ऐकलेले टिपून घ्यावे, तालमीत त्यावर प्रवेश उभे करावेत, मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करावेत आणि मग लेखकाने त्यातून संहिता बांधावी.

समजा, यंत्रमागावर काम करणारा नवरा आणि घरी विड्या वळणारी बायको यांचा प्रवेश करायचा आहे. पहिल्या खेपेस दोघेही नट आपल्या दुःखावर लांबलचक बोलतील, तसे सगळेच बोलतात. दुसऱ्या खेपेस दिग्दर्शकाने दोन अटी घालाव्यात: शेजारच्या मागांचा खडखडाट चालू आहे, त्यामुळे चार शब्दांपलीकडचे वाक्य ऐकू जाणार नाही, आणि तिचे मोजणे थांबता कामा नये. आता ती विड्या मोजत राहते, तो मुलीच्या फीचा विषय काढतो, ती मोजतच राहते आणि एका आकड्यापाशी अडखळून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. तिच्या त्या अडखळण्यात आधीचे अख्खे भाषण येऊन जाते. दोघांपैकी कोणी तेलुगूत बोलले तर त्याचा अनुवाद दुसऱ्याच्या तोंडी घालू नये; समोरच्याने आपल्या मराठीत असे उत्तर द्यावे की प्रेक्षकाला प्रश्न आपोआप कळेल. मात्र तेलुगू वळणाची मराठी हशा मिळवण्यासाठी वापरणे कटाक्षाने टाळावे, कारण प्रेक्षागृहात बसलेल्या निम्म्या लोकांची ती घरची भाषा असू शकते.

संहितेचा पहिला खर्डा झाला की वीस-पंचवीस जणांसमोर त्याचे जाहीर वाचन करावे आणि ज्यांच्या आयुष्यातून तो घेतला त्यांना आवर्जून बोलवावे. नाटक आवडले का, हा प्रश्न विचारूच नये, कारण सोलापूरकर माणूस पाहुण्यासारखा गोड उत्तर देऊन मोकळा होतो. कोठे कंटाळा आला, कोठे समजेनासे झाले आणि कोणते वाक्य खोटे वाटले, एवढेच विचारावे. या वेळी लेखकाने खुलासा न करता फक्त लिहून घ्यावे.

नेपथ्य एका छोट्या टेम्पोत मावले पाहिजे, हा नियम पहिल्या दिवशीच करावा. चार बाय दोन फुटांचे सहा चौथरे आणि दोन काळे पडदे यांत पुष्कळ काही उभे राहते. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या रंगमंदिरात प्रकाशाची सोय असते, पण शाळेच्या हॉलमध्ये सोळा अँपिअरच्या एका प्लगवर हजार वॉटचे तीन दिवेच निर्धोक चालतात. त्यामुळे प्रकाशयोजना आधी त्या तीन दिव्यांत बसवावी किंवा एलईडी दिवे घ्यावेत.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. संस्था नोंदणी अधिनियम 1860 नुसार किमान सात सदस्य लागतात आणि त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालील नोंदणीही करावी. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या रेपर्टरी (म्हणजे कायम नाट्यसंच) अनुदानासारख्या योजनांकडे जायचे तर नोंदणी आणि तपासलेले हिशेब हवेतच. संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे प्रयोगापूर्वी संहिता तपासणाऱ्या राज्याच्या मंडळाचे, प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणून संहिता प्रयोगाच्या बऱ्याच आधी पाठवावी. तालमीतून घडलेल्या नाटकात लेखन नेमके कोणाचे, हा वाद हमखास उद्भवतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाला जागा आहे; तेव्हा श्रेय कोणाचे, प्रयोगाचे हक्क कोणाकडे आणि एखादा सदस्य सोडून गेल्यास त्याने सुचवलेले प्रवेश वापरता येतील का, हे पहिल्या वाचनापूर्वी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

तिकीट लावावेच, मग ते पन्नास रुपयांचे का असेना. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही, त्यामुळे तीही अडचण राहत नाही. प्रत्येक प्रयोगाचा हिशेब आठवड्याच्या आत सगळ्यांसमोर वाचावा. संच फुटतात ते बहुधा पैशांच्या कमतरतेमुळे नाही, तर पैशांबद्दलच्या मौनामुळे.

प्रत्येक भूमिका दोघांची पाठ असावी, म्हणजे एकाची कामाची पाळी बदलली किंवा कोणाच्या घरी लग्न निघाले तरी तारीख रद्द होत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत शहरात आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात प्रयोग लावू नयेत. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा येथे जाताना रंगमंचाची रुंदी व खोली, प्लगची जागा, हॉलची चावी कोणाकडे असते आणि तेथे प्रेक्षक कोण जमवतो, या सगळ्याची नोंद एकाच वहीत ठेवावी, कारण पुढच्या वर्षी नवे नाटक घेऊन पहिला फोन त्याच माणसाला करायचा असतो.