पेरणीनंतरचे सहा आठवडे : आधी तण, मग वरखत

ओळीत पेरलेले पीक तिसऱ्या आठवड्यात पिवळे दिसू लागले की हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो. पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे हे पाहिल्याशिवाय पोते फोडू नये. मक्यात खालच्या जुन्या पानांच्या टोकापासून मधल्या शिरेच्या कडेने इंग्रजी ‘व्ही’सारखा पिवळा पट्टा आत सरकत असेल, तर ती नत्राची (नायट्रोजनची) कमतरता असते, त्याच पानांच्या कडा करपत असतील, तर पालाश (पोटॅश) कमी पडत आहे. वरची कोवळी पाने फिकट होऊन शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर लोह कमी मिळत असल्याचा संशय घ्यावा. तिथे युरियाने काही साधत नाही. सोयाबीनचे एक रोप मुळासकट हलकेच उपटून मुळावरची एखादी गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी निघाली तर हवेतले नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू काम करत आहेत. शेतात पाणी साचले असेल तर मुळांना हवा मिळत नाही, म्हणून आधी चर काढून पाणी बाहेर काढावे.

नत्राची गरज नक्की झाली तरी तण उभे असताना वरखत, म्हणजे उभ्या पिकाला द्यायचे खत, देऊ नये, कारण दाट वाढलेले तण त्यातला मोठा वाटा स्वतःच उचलते. मका आणि सोयाबीनमध्ये साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंतची तणाशी स्पर्धा उत्पादनाला सर्वाधिक महागात पडते. पुढे पिकाची सावली ओळींमध्ये पडू लागली की नवे तण आपोआप मागे पडते. त्यामुळे वापसा येताच, म्हणजे जमीन कामाजोगी सुकताच, कोळपणी करावी (ओळींमधून कोळपे चालवून तण काढावे) आणि ओळीतले, कोळप्याला न सापडणारे तण खुरपून काढावे. उगवणीनंतरचे तणनाशक वापरायचे असेल, तर ते त्या पिकासाठी शिफारस केलेलेच असावे आणि तण दोन ते चार पानांवर असतानाच फवारावे; गुडघाभर तणावर केलेली फवारणी बहुधा वाया जाते. फवारणीआधी 100 चौरस मीटरवर नुसते पाणी फवारून पाहावे. 4 लिटर लागले तर हेक्टरी 400 लिटर लागणार, आणि औषधाची मात्रा तेवढ्या पाण्यात बसवावी. दरवर्षी एकाच गटाचे तणनाशक वापरले, तर त्याला दाद न देणारे तण शिल्लक राहून वाढत जाते.

मग वरखत. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणून हेक्टरी 30 किलो नत्रासाठी सुमारे 65 किलो युरिया लागतो. ओळींतील अंतर 60 सेंटिमीटर असेल, तर 10 मीटर ओळीला जेमतेम 40 ग्रॅम येतो. एकदा तराजूवर मोजून तळहातावर घेऊन पाहिला, की मुठीने टाकताना आपण किती जास्त टाकतो ते कळते. हा युरिया ओळीपासून पाच-सात सेंटिमीटरवर द्यावा आणि लगेच मातीआड करावा. ओल्या जमिनीवर उघडा पडला तर त्यातले नत्र अमोनिया वायू होऊन उडते.

हे सगळे करण्याआधी 10 मीटर ओळीतली रोपे मात्र मोजावीत. मका 20 सेंटिमीटरवर असेल तर 50 भरायला हवीत. 35च भरली, तर खताची मात्रा वाढवून ती तूट निघत नाही, आणि नांग्या (ओळीत रोप नसलेल्या रिकाम्या जागा) भरायच्या असतील तर त्या उगवणीनंतर आठवडाभरातच भराव्या लागतात.