वर्गात ‘पेशंट’ बोलावताय? या चुका टाळा

नाशिकच्या एखाद्या नर्सिंग किंवा समाजकार्याच्या कॉलेजात मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्तीला शिकवायला बोलवायचं ठरलं, की पहिली चूक निमंत्रणातच होते. ‘तुमची स्टोरी सांगा’ म्हणून माणूस बोलावतात आणि तासाची केस प्रेझेंटेशन होते: आजार कोणता, गोळ्या कोणत्या, बंद केल्या तर काय? हे प्रश्न ओपीडीचे. किमान दोन आठवडे आधी एकत्र बसून विषय ठरवा. ‘भरती करताना कोण काय बोललं आणि काय बोलायला हवं होतं’ असा एकच नेमका विषय तासाला पुरतो. कशावर बोलायचं नाही, हेही तेव्हाच ठरवून वर्गाला आधी सांगा.

निमंत्रण उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून जाऊ नये. डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं म्हणून माणूस येतो. त्याला संमती म्हणत नाहीत. दरवर्षी तोच गोड बोलणारा, ठणठणीत झालेला पेशंटही नको. दोघांना बोलवा, आणि त्यातला एक उपचारांवर नाराज असला तर उत्तमच.

वेळेची चूक सगळ्यात जास्त नडते. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी अनेकांना सकाळी उशिरापर्यंत असते, त्यात पेठ-सुरगाण्याहून एसटीने यायचं म्हणजे 9 चा तास बादच. 11:30 नंतरचा ठेवा. 40 मिनिटं बोलणं, 10 मिनिटं सुट्टी, मग प्रश्न. लिथियम (मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्याला तहान लागते, वारंवार लघवीला जावं लागतं. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, स्वच्छतागृह आधीच दाखवा. त्याचा हातही थरथरू शकतो, म्हणून माइक स्टँडवर लावा. काही औषधांनी एका जागी बसवतच नाही. अशा वक्त्याला फेऱ्या मारत बोलू द्या. तो घाबरलाय असं मुलांनी समजू नये.

शाल-श्रीफळावर बोळवण करू नका. इतर पाहुण्या व्याख्यात्यांइतकंच मानधन द्या. प्रवासखर्च त्याच दिवशी रोख द्या. अकाउंट्सच्या व्हाउचरला महिने लागतात.

मोबाइल बंद. उपचार चालू असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही मनाई आहे. कॉलेजच्या फेसबुक पानालाही हाच नियम लावा.

बोलता बोलता वक्ता गप्प झाला, डोळे भरले, तर? पाण्याचा ग्लास उलटा ठेवला की थांबायचं, अशी काही खूण आधीच ठरलेली असावी. शिक्षकांनी सूत्र हाती घ्यावं, पण वर्गासमोर तपासणी सुरू करू नये. दुसऱ्या दिवशी फोन करा. ऐकणाऱ्यांतही कुणी त्याच अवस्थेत असू शकतं, म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक तास सुरू होतानाच फळ्यावर लिहा.

आणि मुलांचे अभिप्राय वक्त्यापर्यंत पोचतच नाहीत, ते आठवड्याभरात पाठवा. पुढच्या वर्षी संवादकौशल्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेची गुणतालिका करताना या वक्त्यांना सोबत बसवा आणि त्यातले काही गुण त्यांच्या हाती द्या.