रोमन पुराणकथांतून निसर्ग समजावताय? मग या चुका टाळा

शाळेचा प्रोजेक्ट असो, यूट्यूबचा व्हिडिओ असो, नाहीतर रात्री पोरांना सांगायची गोष्ट असो, रोमन कथा शोधणारे आता बरेच जण दिसतात आणि मला ते मनापासून आवडतं, पण नेटवर त्याच त्याच चुका कॉपी होत राहतात आणि त्यात कथेतला सगळ्यात भारी भागच गळून जातो.

सगळ्यात जास्त वाट लागते ती प्रॉसर्पिनाची. इटलीजवळच्या सिसिली बेटावर एन्ना गावाजवळच्या तळ्याकाठी ती फुलं वेचत असते, पाताळाचा राजा प्लूटो तिला पळवून नेतो, आई सेरेस म्हणजे धान्याची देवी, ती चिडून शेतं ओस पाडते, मग शेवटी ती वर्षातला काही काळ पाताळात आणि बाकी आईकडे अशी तडजोड होते आणि ऋतू सुरू होतात. इथपर्यंत ठीक. पण पुढे हमखास लिहिलेलं असतं की तिने डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले म्हणून सहा महिने पाताळात. रोमन कवी ओविडकडे असं नाहीच्चे! त्याच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्यात दाणे सात आहेत, त्याच ओविडच्या ‘फास्ती’ या सणावारांच्या काव्यात तीन, आणि वर्षाचे सारखे दोन भाग देवांचा राजा जुपिटर करतो तो दोन्ही बाजूंचं मन राखायला, दाणे मोजून नाही. त्याहून जुन्या ग्रीक स्तोत्रात तर ती वर्षाचा तिसरा हिस्साच खाली राहते. तेव्हा आकडे जुळेनात की आपल्या मनाने मधला आकडा काढू नका, कुठल्या काव्यातला आकडा घेतला तेवढं लिहा, झालं. आणि एकाच गोष्टीत झ्यूस हे जुपिटरचं ग्रीक नाव आणि सेरेस हे रोमन नाव एकत्र नकोत, जुपिटर म्हटलं की शेवटपर्यंत जुपिटरच.

याच कथेतला एक तुकडा जवळजवळ सगळेच गाळतात. प्लूटो मुळात वर आलाच कशाला? तर ओविड सांगतो की टायफिअस नावाचा राक्षस अख्ख्या सिसिलीखाली गाडलेला आहे, हात-पाय बेटाच्या टोकांखाली दाबलेले, डोकं एटना ज्वालामुखीखाली, तिथून तो आग आणि राख ओकतो, आणि तो सुटायची धडपड करायला लागला की भूकंप होतो. त्या हादऱ्यांनी जमीन फाटून पाताळात उजेड शिरेल या भीतीने प्लूटो पाहणी करायला रथ घेऊन बाहेर पडतो आणि तिथेच त्याला प्रेमाचा बाण लागतो. म्हणजे ज्वालामुखी, भूकंप आणि ऋतू, तिन्ही एकाच धाग्यात ओवलेत. हे सोडून नुसतं डाळिंब कशाला सांगायचं?

आता एटनाखाली नक्की कोण, यावर गोंधळ होतो. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनिड’ या महाकाव्यात तिथे एन्सेलाडस नावाचा राक्षस आहे, आणि त्याच काव्यात पुढे सिसिलीजवळच्या बेटाखाली अग्निदेव व्हल्कनची भट्टी आहे जिथे सायक्लॉप्स म्हणजे एकडोळे राक्षस जुपिटरची वीज घडवतात. यातलं एक खरं आणि बाकी चूक असं करू नका, रोमन लोकांकडे हे सगळं एकाच वेळी चालत होतं.

पॉम्पेई शहर गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचं तर रेडिमेड वाक्यच फिरतंय, की व्हल्कनचा सण 23 ऑगस्टला झाला आणि दुसऱ्याच दिवशी देव कोपला. 24 ऑगस्ट ही तारीख तो उद्रेक स्वतः पाहिलेल्या रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांतून आलीय, पण 2018 मध्ये पॉम्पेईत कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला, त्यावर 17 ऑक्टोबरशी जुळणारी तारीख आहे, त्यामुळे इ. स. 79 चा तो उद्रेक शरद ऋतूतला असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात. शिवाय प्लिनी त्या पत्रांत व्हल्कनला मध्ये आणतच नाही, उलट देवच उरले नाहीत असं कितीतरी लोकांना वाटत होतं असं लिहितो.

आणि प्लीज, ‘विज्ञान नव्हतं म्हणून बिचाऱ्यांनी गोष्टी रचल्या’ हे लिहू नका. ओविडच्या जन्माआधीच लुक्रेशियस या रोमन कवी-तत्त्वज्ञाने गडगडाट म्हणजे ढगांची टक्कर असं मांडलं होतं, आणि वीज जुपिटरच फेकत असेल तर ती समुद्रात आणि ओसाड रानात वाया का घालवतो, देवांचीच देवळं का फोडतो, असं सरळ विचारलं होतं. तरीही वीज पडलेल्या जागेला कुंपण घालून ती पवित्र मानायची पद्धत चालूच राहिली. दोन्ही एकाच समाजात होतं, दोन्ही लिहा.

वेगळा विषय हवा असेल तर माझं मत रोबिगोला. गव्हावर तांबेरा पडतो ना, पानाला बोट लावलं की नारिंगी पूड हाताला लागते, ती बुरशी आहे हे आपल्याला माहीत आहे, रोमन लोकांनी मात्र त्यासाठी रोबिगो ही स्वतंत्र देवता मानली होती. 25 एप्रिलला तिचा सण. ओविड नोमेन्टम या रोमजवळच्या गावाहून रोमला परत येताना त्याला पांढऱ्या कपड्यातली मिरवणूक भेटते, पुजारी कुत्र्याची आणि मेंढीची आतडी आगीत टाकायला निघालेला असतो, आणि तो देवीला विनवतो की कोवळी कणसं सोड, खायचंच तर तलवारी आणि भाले खा, जगाला त्यांची गरज नाही. गंजही तिचाच की! इतकी सुंदर प्रार्थना कुठल्याच व्हिडिओत नसते याचं खरंच वाईट वाटतं. फक्त एक सांभाळा, रोमन विद्वान वारोच्या लिखाणात हा रोबिगस नावाचा देव आहे आणि ओविडकडे देवी, म्हणून सुरुवातीलाच ‘ओविडच्या सांगण्यानुसार’ एवढं टाकून ठेवा.