जखमी साप खात नाही? या चुका टाळा

नांगराचा फाळ लागलेली धामण, मासेमारीच्या जाळ्यात गुरफटलेला दिवड, उंदरांच्या चिकट सापळ्याला चिकटलेला कवड्या. साप सोडवून आणला की दुसऱ्याच दिवशी ठरलेला प्रश्न येतो: "काहीच खात नाहीये, काय भरवू?" बहुतेक वेळा याचं खरं उत्तर "अजून काहीच नाही" हे असतं, आणि ते ऐकून घ्यायला कोणी तयार नसतं. माणसाला चार दिवस उपाशी जीव बघवत नाही, हे समजतं. पण साप गरम रक्ताचा प्राणी नाही. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी तो अन्न जाळत नाही, म्हणून अंगात मांस असलेली मोठी धामण कित्येक आठवडे न खाता नीट राहते. जखमी साप आधी दगावतो तो पाण्याच्या कमतरतेने, थंडीने, चिघळलेल्या जखमेने आणि जबरदस्तीने कोंबलेल्या घासाने. उपासमारीचा नंबर खूप मागे आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानटी साप परस्पर घरी ठेवणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात वन खात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे कळवा, नोंद करून घ्या आणि सापाला पशुवैद्याकडे न्या. पुढचं सगळं पशुवैद्याच्या देखरेखीखाली साप सांभाळणाऱ्यांसाठी आहे. नाग, घोणस, मण्यार, फुरसं असेल तर तोंड उघडणं, औषध देणं, नळी घालणं यांतलं काहीही घरी करायचं नाही.

घशात कोंबणं

सगळ्यात जास्त साप या एका चुकीने जातात, म्हणून यावर सविस्तर.

दर पावसाळ्याच्या तोंडाला, गावाचं नाव तेवढं बदलून, हेच घडतं. नांगरटीत शेपटीच्या बाजूला जखम झालेली धामण येते. पहिल्या दिवशी मलमपट्टी होते. दुसऱ्या दिवशी पांढरा उंदीर ठेवला जातो, धामण तोंड फिरवते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी धीर सोडतं. एकजण मान धरतो, दुसरा चिमट्याने जबडा उघडतो, आणि कोंबडीच्या मांसाच्या पट्ट्या आत ढकलल्या जातात. व्हिडिओत ते यशस्वी दिसतं. दोन दिवसांनी खोक्यात आंबूस वासाचा लगदा पडलेला असतो, म्हणजे धामणीने सगळं ओकून टाकलेलं असतं. तरीही पुन्हा भरवलं जातं. आठवड्याच्या आत धामण तोंड वर करून, उघड्या तोंडाने श्वास घेऊ लागते आणि मग मरते. सांगताना मात्र सांगितलं जातं, "शेवटपर्यंत खाल्लंच नाही बिचारीने."

आत काय झालं ते समजून घ्या. सापाची श्वासनळी तोंडाच्या तळाशी, अगदी पुढे उघडते. घाबरलेल्या सापाच्या तोंडात ओलसर काही ढकललं तर त्यातलं थोडं श्वासनळीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. जबडा उघडताना दात मोडतात, हिरड्या खरवडतात आणि तोंड सडायला लागतं. मग मनात असूनही त्याला खाता येत नाही. वेदनेत आणि भीतीत असलेल्या, पाणी कमी झालेल्या सापाचं पचन जवळपास बंद असतं, त्यामुळे पोटातलं मांस पचण्याआधी कुजतं. ओकताना होतं नव्हतं ते पाणीही बाहेर जातं आणि अन्ननलिका आम्लाने भाजते.

साप फार खंगलेला असेल तर आणखी एक धोका आहे. दीर्घ उपासानंतर पोटात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं, स्नायू आणि हृदय साथ सोडतात. पाठीचा कणा वर आलेला, अंग त्रिकोणी दिसणारा साप म्हणूनच पहिल्या भरपेट जेवणानंतर मरू शकतो. अशा सापाला आधी दोन-तीन दिवस फक्त पाणी आणि क्षार, मग पातळ केलेलं अन्न, तेही थोडं. नळीने द्यायची वेळ आली तर ते काम पशुवैद्याचं: मऊ रबरी नळी, शरीराच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत, आणि सुरुवातीला किलोमागे १० मिलिलिटरच्या आसपास. ८०० ग्रॅमच्या धामणीला म्हणजे फक्त ८ मिलिलिटर. हा आकडा वाचून "एवढंसंच?" असं वाटत असेल, तर नळी हातात घेऊ नका.

साप ओकला तर किमान १० ते १४ दिवस अन्न दाखवायचंही नाही. त्यानंतरचं भक्ष्य आधीच्या निम्म्या आकाराचं.

थंडीत ठेवणं

साप खात नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारावा: खोक्यात तापमान किती आहे? बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण थर्मामीटर नसतो. हात लावून "बरं आहे की" म्हणणं म्हणजे मोजणं नाही. तार लावलेला डिजिटल थर्मामीटर फारसा महाग मिळत नाही. तो नसेल तर बाकी सगळी काळजी आंधळी आहे.

आपल्याकडच्या मैदानी सापांसाठी खोक्याचं एक टोक २८ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरं २५-२६ अंश हवं, म्हणजे साप स्वतः जागा निवडतो. रात्री २४ च्या खाली जाऊ देऊ नका. हीटिंग पॅड खोक्याच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला पॅड आपोआप बंद करणारं यंत्र) लावून. बल्ब खोक्याच्या आत सोडू नका, साप त्याला वेटोळं घालतो आणि खवले भाजेपर्यंत हलत नाही. डिसेंबरात नाशिक-पुण्याच्या रात्री फरशीवर ठेवलेलं खोकं गारठून जातं, आणि अशा थंडीत खाल्लेला उंदीर पोटातच सडतो. उन्हाळ्यात उलटं होतं. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला साप दुपारभरात मरू शकतो. तेव्हा ऊब देण्यापेक्षा गारवा सांभाळणं महत्त्वाचं.

पाण्याआधी अन्न, आणि दूध

पाणी कमी झालेला साप ओळखता येतो: कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच राहते, डोळे आत गेलेले, तोंडातली लाळ चिकट, कात तुकड्यातुकड्यांनी निघालेली. असा साप खाणार नाही, आणि खाल्लं तरी पचणार नाही.

उघडी खोल जखम नसेल तर २८-३० अंशांच्या कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं ठेवा. पाणी सापाची निम्मी जाडी बुडेल इतकंच, आणि तुम्ही तिथून हलायचं नाही. मान उचलता न येणारा साप दोन बोटं पाण्यातही बुडतो. खोल जखम असेल तर भिजवू नका. अशा वेळी पशुवैद्य सलाईन कातडीखाली किंवा पोटाच्या पोकळीत देतात, साधारण किलोमागे दिवसाला १५ ते २५ मिलिलिटर.

दूध अजिबात नाही. साप ते पितो तेव्हा तहानेने व्याकूळ झालेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. नागपंचमीच्या सुमारास गारुड्यांकडून सोडवलेले नाग बघा: दात उपटलेले, कधी तोंड शिवलेलं, आत पू. त्या नागांच्या न खाण्याचं कारण तोंडातली वेदना आहे. तोंड बरं झाल्याशिवाय त्यांच्यापुढे उंदीर ठेवण्यात अर्थ नाही.

न खाण्याचं कारण न शोधणं

डोळे दुधाळ निळसर झालेत का? म्हणजे कात येतेय, आठवडा-दोन आठवडे तो खाणार नाही. कात पडू द्या. उन्हाळ्याच्या सुमारास मादीच्या मागच्या भागात ओळीने फुगीर गाठी जाणवतात का? अंडी असतील. हिवाळा आहे का? मग भूक मंदावणारच. तोंडाच्या कडेला फेस, हिरड्यांवर लाल ठिपके किंवा पिवळट थर, श्वास घेताना शीळ ऐकू येते का? यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य. जेसीबी किंवा गाडीखाली आलेल्या सापाचा एक्स-रे झालाच पाहिजे. कणा मोडलेल्या सापासमोर रोज बेडूक नाचवून काही साधत नाही. पुढचा निर्णय पशुवैद्य आणि वन खात्याने घ्यायचा असतो, आणि कधी कधी तो निर्णय त्याचे हाल थांबवण्याचा असतो.

चुकीचं भक्ष्य

प्रत्येक सापाला उंदीर द्यायचा, हा समज कुठून आला कोण जाणे. दिवड मासे आणि बेडूक खातो. त्याला गोड्या पाण्यातले लहान अख्खे मासे उथळ थाळीत द्या, तुकडे नकोत. नानेटीला बेडूक लागतात. कवड्या पाली खातो. हरणटोळ सरडे, बेडूक, क्वचित लहान पक्षी. मण्यार बहुतांशी दुसरे साप खाते, म्हणून ती उंदराकडे दुर्लक्ष करते यात नवल नाही. विदर्भात सापडणारा अंडीखाऊ साप तर पक्ष्यांच्या अंड्यांवरच जगतो. साप नीट ओळखता येत नसेल तर आधी तो ओळखून घ्या, भक्ष्य नंतर.

कोंबडीचे तुकडे कुठल्याच सापाचं जेवण नाही. त्यात हाड नाही, आतडी नाहीत, कॅल्शियम नाही.

धामण, नाग, तस्कर यांना फ्रीझरमधला मेलेला उंदीर पूर्ण वितळवून, ३८-४० अंशांच्या पाण्यात गरम करून, पुसून द्या. मायक्रोवेव्ह नको, उंदीर आतून शिजतो. निरोगी सापाला त्याच्या सर्वांत जाड भागाएवढा उंदीर चालतो, आजाऱ्याला त्याच्या निम्मा. फूटभर लांब चिमट्याने डोक्याकडून पुढे करा. पाच मिनिटांत प्रतिसाद नसेल तर लपणीच्या, म्हणजे खोक्यातल्या लपायच्या जागेच्या, तोंडाशी ठेवून निघून जा. वेळ पाळा: धामण दिवसा शिकार करते, तिला सकाळी द्या. नागाला तिन्हीसांजेला. काही तासांत न खाल्लेला उंदीर उचला आणि पुढचे पाच-सात दिवस पुन्हा दाखवू नका. रोज उंदीर नाचवला की साप त्यालाही घाबरायला लागतो.

जिवंत उंदीर खोक्यात सोडणं हा आळशीपणा आहे. जखमी साप हलला नाही की उंदीरच सापाला कुरतडतो, कधी पाठीच्या मणक्यापर्यंत. घरात पकडलेला उंदीरही नको. त्याने विषारी गोळी खाल्लेली असेल तर ते विष सापाच्या पोटात जातं.

जखमेवर घरगुती उपाय

हळदीचा लेप वाळून कडक होतो आणि खालची घाण झाकतो. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड जिवंत पेशीही जाळतात. चिकट सापळ्याच्या गोंदावर रॉकेल ओतणारे लोक अजून आहेत. रॉकेल कातडीतून आत जातं. गोंद खाण्याच्या तेलाने, हळूहळू, नाक-तोंड सांभाळून सोडवायचा आणि मग कोमट पाण्याने तेल धुवायचं.

जखम सलाईनने धुवा, मग एक भाग बीटाडीन आणि दहा भाग सलाईन असं फिकट चहाच्या रंगाचं द्रावण लावा. तळाला कोरा कागद किंवा वर्तमानपत्र, माती किंवा भुसा नको. पावसाळ्यात रोज बघा, माश्या खवल्यांखाली अंडी घालतात आणि दोन दिवसांत अळ्या होतात.

जाळीच्या जखमेबद्दल विशेष सांगायला हवं. जाळी कापल्यावर पहिल्या दिवशी फक्त वळ दिसतो, म्हणून संध्याकाळीच सापाला सोडून देतात. रक्तपुरवठा तुटलेली कातडी पुढच्या काही दिवसांत काळी पडते आणि गळते. आठवडाभर निरीक्षण हवंच. टाके घातले असतील तर सापात ते लवकर काढत नाहीत, महिना-दीड महिना ठेवतात.

माणसाच्या औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून टोचू नका. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधं पाणी कमी असलेल्या सापाची मूत्रपिंडं निकामी करतात.

सतत बघणं

झाकण उघडून "खाल्लं का" बघणं हेच न खाण्याचं मोठं कारण असतं. धामण विशेषतः भित्री. पारदर्शक टाकीत ती काचेवर धडका देते, जाळीवर नाक घासून रक्तबंबाळ करते. अपारदर्शक, हवेला छिद्रं असलेलं खोकं घ्या, आत अंग कडांना टेकेल इतकीच लपणी ठेवा. उलटं ठेवलेलं फुटकं मडकं पुरतं. वर चादर टाका. फोटो, शाळेतली पोरं, पाहुणे, सगळं बंद. खाल्ल्यानंतर तीन दिवस हात लावायचा नाही.

किती सुधारणा आहे हे डोळ्यांनी ठरवू नका, वजन करा. कापडी पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, आठवड्यातून एकदा, पिशवीचं वजन वजा करून, वहीत तारखेसह. सुरुवातीच्या वजनाच्या १० टक्के घट झाली की पशुवैद्याला फोन. तोपर्यंत "खंगलाय, खंगलाय" म्हणत घाबरायचं कारण नाही.

बरा झालेला साप "एकदा खाऊ दे" म्हणून अडकवून ठेवणं

काही धामणी खोक्यात कधीच खात नाहीत. जखम भरलेली आहे, वजन टिकून आहे, श्वास स्वच्छ आहे, हातात घेतल्यावर अंग ताकदीने आवळते आणि जमिनीवर सरळ पळते, तरी उंदराकडे बघत नाही. अशा धामणीला कोंडून ठेवणं हेच तिच्या उपवासाचं कारण आहे. पशुवैद्याचा होकार घ्या, वन खात्याला कळवून नोंद करा, आणि ती सापडली त्याच शिवारात, रस्त्यापासून लांब, बांधावरच्या झुडपांजवळ किंवा उंदरांच्या बिळांशेजारी सोडा. सकाळी, ऊन चढायच्या आत. कडाक्याच्या थंडीत किंवा मुसळधार पावसात नको. पिशवीचं तोंड झुडपाकडे करून जमिनीवर ठेवा, गाठ सोडा आणि चार पावलं मागे व्हा.